दप्तरातील गोळी

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी निकालाचे आकडे सांगावेत, गुणवंत मुलामुलींचे कौतुक करावे, संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र कडू आहे. आठवी ते बारावीच्या मुलांच्या दप्तरात, खिशात, कधी कंपासपेटीत औषधाच्या गोळ्या सापडतात, आणि त्या आजारासाठी घेतलेल्या नसतात. झोपेच्या, वेदनेच्या, खोकल्याच्या औषधांचा उपयोग आपली मुले भलत्याच कामासाठी करू लागली आहेत. हा विषय चारचौघांत काढू नये, शाळेची बदनामी होते, असे काहींनी मला सुचविले. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु झाकून ठेवलेली जखम चिघळते, हे आपण सारे जाणतो.

मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, रोज सहा तासिका घेणारा साधा शिक्षक आहे. म्हणून औषधशास्त्रातील गहन गोष्टी मी सांगणार नाही. ही गोळी मुलांच्या हाती येते कोठून, ती करते काय, आणि ती सापडल्यावर आपण काय करावयाचे, एवढ्या तीनच प्रश्नांवर मी बोलणार आहे. यातील तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे डॉक्टर आणि पोलीस देऊ शकतात, तिसऱ्याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे.

आधी नावे सांगतो, कारण नाव माहीत नसले की बाप मुलाच्या तोंडून ते ऐकूनही काही समजत नाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात 'कुत्ता गोळी' हा शब्द गल्लोगल्ली माहीत झाला आहे. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. ज्यांना अतिशय चिंता वाटते, छाती धडधडून जीव घाबरा होतो, अशा रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ ती थोड्या दिवसांकरिता देतात. आपल्या जवळच्या छत्रपती संभाजीनगरात अशाच गोळ्यांना 'बटन' म्हणतात. त्यांत नायट्राझेपाम ही झोपेची गोळी असते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटलीबाटलीने पिणारी मुले मोठ्या शहरांतून आढळली आहेत. कोडीन हे अफूपासून मिळते, आणि शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचे मॉर्फिन बनते. ट्रॅमॅडॉल ही तीव्र वेदनेवरील गोळीही याच कुळातली. ही सारी औषधे कायदेशीर कारखान्यांत तयार होतात, आणि योग्य रुग्णाला योग्य मात्रेत दिली तर ती उपकारकच आहेत. दोष औषधाचा नव्हे, ते चुकीच्या हातात पडण्याचा आहे.

हे सर्व मालेगावचे, मुंबईचे, आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक आकडा सांगतो. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ३० लाख मुले दारू घेतात, असा त्यातील अंदाज आहे. अफूच्या कुळातील पदार्थ घेणारी मुले सुमारे ४० लाख, आणि झोपेची व गुंगीची औषधे घेणारी सुमारे २० लाख. अफूच्या कुळात हेरॉइनही आले आणि औषधी गोळ्याही आल्या, हे खरे. तरीसुद्धा या वयात दारूच्या पुढे हे पदार्थ जावेत, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. आपण वर्षानुवर्षे पहारा दारूच्या दारावर ठेवला, आणि चोर दुसऱ्याच दाराने आत शिरला.

पालकहो, येथे मला आपल्या घरांविषयी थोडे स्पष्ट बोलू द्यावे. आपल्या समाजात दारूला घरात थारा नाही, आणि याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मुलाच्या तोंडाला वास आला तर अम्मी रात्रभर झोपणार नाही, अब्बा दारात उभा करतील. परंतु गोळीला वास नसतो. ती पांढरी, स्वच्छ, चांदीच्या कागदात बांधलेली असते. तिच्यावर कंपनीचे नाव असते, तारीख असते, किंमत असते. मुलगा स्वतःच्या मनाची समजूत घालतो की मी नशा थोडीच करतो, ही तर दवा आहे. एका मुलाने मला अगदी याच शब्दांत उत्तर दिले होते, आणि तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते. ज्या घराने त्याला दारूची हराम-हलालची शिकवण दिली, त्या घराने गोळीबद्दल काहीच सांगितले नव्हते. जी वस्तू शुद्ध हरपण्यासाठी घेतली जाते ती नशाच, मग ती बाटलीत असो वा पाकिटात, हे आपण मुलांना उघड शब्दांत सांगावयास हवे. जुम्म्याच्या बयानात दारू आणि जुगाराचा निषेध होतो, तेथे या गोळीचाही एक उल्लेख व्हावा, अशी माझी उलेमांना नम्र विनंती आहे.

आता ही गोळी येते कोठून? आपल्या डोळ्यांपुढे लगेच कोणी काळा चष्मा घातलेला गुंड उभा राहतो. तसे विक्रेते आहेत, पोलीस त्यांना पकडतात, पुढेही पकडोत. परंतु मुलाची गोळीशी पहिली ओळख हा विक्रेता क्वचितच करून देतो. ती ओळख घरात होते.

आपल्या बीड जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम बुडाले की खाडा भरावा लागतो. पहाटे थंडीत फडावर उतरावयाचे, दिवसभर वाकून ऊस तोडावयाचा, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची. अंग मोडून आले, ताप भरला, तरी दुखण्याची गोळी घ्यावयाची आणि पुन्हा कोयता हातात धरावयाचा. ही गोळी त्यांना चैन म्हणून नको असते. तिच्यावाचून त्यांचा दिवस भरत नाही. या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये साऱ्या देशात गाजला, त्याच्या मुळाशीही हीच ओढाताण होती. विश्रांती परवडत नाही, म्हणून दुखणे दाबून टाकावयाचे. फडावर सोबत गेलेले मूल हे पाहते आणि शिकते की दुखले की गोळी, थकले की गोळी.

जे मूल गावी मागे राहते, ते दादीजवळ राहते. दादीला रक्तदाब असतो, साखर असते, रात्री झोप लागत नाही. पाकिटावरचे इंग्रजी वाचता येणारा घरात एकच, तो नववीतला नातू. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे तोच सांगतो, तोच मेडिकलवरून आणतो. घरातला कंपाउंडर तोच. आईबाप सहा महिने दूर, रात्र मोठी, त्यालाही झोप येत नाही. मग एके दिवशी तो दादीची अर्धी गोळी घेतो. झोप छान लागते. पुढे अर्धीची एक होते, एकाच्या दोन होतात, आणि एक दिवस ती गोळी मित्राला दाखविण्यासाठी दप्तरातून शाळेत येते. या साऱ्या प्रवासात गुंड कोठेच नाही. आहे तो एकटा पडलेला मुलगा आणि उघडी राहिलेली औषधाची डबी.

दुसरा रस्ता महत्त्वाकांक्षेचा आहे. आपल्या जिल्ह्यातील हुशार मुले नीटच्या तयारीसाठी लातूरला जातात, खोली घेऊन राहतात. रात्रभर जागता यावे म्हणून मोडाफिनिलसारखी गोळी कोणी सुचवितो. ती दिवसा अनावर झोप येण्याच्या एका आजारावरील औषध आहे, अभ्यासाचे टॉनिक नव्हे. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे माळावर धावतात. पाय दुखू नयेत म्हणून आधी वेदनाशामक गोळी घेतात, आणि दुखणे कळत नसल्यामुळे इजा वाढवून घेतात. व्यायामशाळांतून मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन फिरत असल्याची प्रकरणे राज्यातील पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. भूल दिल्यानंतर एकाएकी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी रुग्णालयात वापरण्याचे हे इंजेक्शन! ते निरोगी तरुणाने टोचून घेऊन वजने उचलली, तर हृदयावर काय ताण येत असेल, याची कल्पना करावी.

तिसरा रस्ता आपल्या मुलींच्या बाबतीतला आहे. अंग भरावे म्हणून सुट्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या जातात. त्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि भूक वाढविणारी सायप्रोहेप्टाडीन असते. चेहरा भरल्यासारखा दिसतो, परंतु ती सूज असते, तब्येत नव्हे. आतून हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, साध्या आजाराशी झगडण्याची ताकद कमी होते. रंग उजळावा म्हणून लावलेल्या कित्येक मलमांतही स्टिरॉइड असते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र शासनाने २०१८ मध्ये केला, तरी लग्नाच्या बोलणीत सावळ्या मुलीला कोणीतरी ते मलम आणून देतोच. सारे रोजे पूर्ण व्हावेत म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही मैत्रिणी एकमेकींना देतात. त्या घ्यावयाच्याच असतील तर स्त्री-डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. एकीची गोळी दुसरीला चालेलच असे नाही. हे बोलताना मला संकोच वाटतो, परंतु न बोलल्याने आपल्या मुली अधिक धोक्यात येतात.

आता ही औषधे करतात काय, ते थोडक्यात सांगतो. झोपेची आणि चिंतेवरची गोळी मेंदूचा वेग मंद करते. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय होते, आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. स्मरणशक्ती मंदावते, शिकविलेले टिकत नाही, मुलगा कधी सुस्त तर कधी भलताच चिडखोर होतो. हीच गोळी दारूबरोबर किंवा अफूच्या कुळातील औषधाबरोबर घेतली, तर श्वास मंद होत होत थांबू शकतो. ट्रॅमॅडॉल जास्त झाली तर आकडी येऊ शकते. वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्याने जठरात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. तापाची साधी पॅरासिटॅमॉलदेखील एकाच वेळी खूप घेतली, तर यकृताचा घात करते, आणि पहिल्या दिवशी मुलगा बरा दिसत असल्यामुळे घरचे फसतात.

यातील एक गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढून सांगतो, कारण तिच्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असेल. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची सवय झालेल्या मुलाची गोळी एकदम बंद करू नये. आपल्याकडे बापाला कळले की तो मुलाला दोन थपडा देतो, खोलीत कोंडतो, आणि म्हणतो की बघू आता कशी मिळते. चार दिवसांत त्या मुलाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, त्याला भास होतात, झटके येऊ शकतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ही नाटके नव्हेत. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. बापाचा राग समजण्यासारखा आहे, परंतु कुलूप हा त्यावरील उपचार नव्हे.

मूल बेशुद्ध झाले तर काय करावे? त्याला एका कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि जवळ सापडलेले गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर न्यावे. मिठाचे पाणी, लिंबू, ताक पाजू नये, घशात बोटे घालून उलटी काढू नये. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते.

कायदा काय म्हणतो, तेही पालकांनी जाणून घ्यावे. औषधाचे पाकीट नीट पाहा. त्यावर 'आरएक्स' ही अक्षरे असतील तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाही. लाल रंगात 'एनआरएक्स' असेल तर ते नशेच्या कायद्याखाली येणारे औषध आहे, असे समजावे. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाची वेगळी यादी लागू झाली. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रॅमॅडॉल ही सारी त्या यादीत आहेत. दुकानदाराने त्यांची स्वतंत्र वही ठेवावयाची, तीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेले नग लिहावयाचे, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची. ट्रॅमॅडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमाप्रमाणे, डॉक्टरांच्या आदेशाखेरीज मुलाला अमली किंवा गुंगीचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाच्या हातून असा पदार्थ विकविणाऱ्यासही ७८ व्या कलमाखाली तशीच शिक्षा आहे.

आपल्या जिल्ह्यात औषधविक्रीचा व्यवसाय करणारे अनेक तरुण आपल्यासारख्याच शाळांतून शिकून बाहेर पडले आहेत. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, दहा रुपयांच्या विक्रीसाठी कोणाच्या मुलाचा हात धरून त्याला खड्ड्याकडे नेऊ नका. आणि पालकांना सांगणे असे की, जो दुकानदार चिठ्ठी मागतो त्याच्यावर चिडू नका. तो आपला वेळ घेत नाही, आपल्या मुलाची राखण करतो.

कायदा कडक असून भागत नाही, याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आली. डॉक्टर ती चिठ्ठीवर लिहून देत होते, दुकाने नियमाप्रमाणे विकत होती. तरी त्या देशात लाखो लोक अशा गोळ्यांच्या आहारी गेले, आणि पुढे त्या कंपनीने २००७ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. मुलांच्या हाती या गोळ्या लागल्या त्या पुष्कळदा घरातल्या कपाटातून, नातेवाइकाच्या उरलेल्या पाकिटातून. म्हणून तेथे २०१० पासून घरोघरच्या उरलेल्या गोळ्या परत जमा करण्याचे दिवस पाळतात. एवढ्या मोठ्या देशाला जो धडा इतकी किंमत मोजून मिळाला, तो आपण एका पत्र्याच्या डब्याच्या किमतीत शिकू शकतो.

होय, पत्र्याचा डबा आणि एक छोटे कुलूप. घरातील सर्व औषधे त्यात ठेवावीत, किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्या मोजून ठेवाव्यात. आजार संपला की उरलेल्या गोळ्या पुढे कामी येतील म्हणून साठवू नयेत. पाकिटातून काढून, माती किंवा चहाच्या चोथ्यात कालवून फेकून द्याव्यात. अशा गोळ्या आणण्यासाठी मुलाला एकट्याला मेडिकलवर पाठवू नये. एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये, मग ती अम्मीने प्रेमाने दिलेली का असेना. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मूल मागे ठेवताना शेजारच्या एका समजूतदार माणसाला दादीच्या औषधांची जबाबदारी सांगून जावे, आणि आठवड्यातून एकदा मुलाशी फोनवर बोलताना अभ्यासाच्या आधी झोपेची चौकशी करावी.

लक्षणे सांगा, असे पालक विचारतात. पहिल्या तासालाच डोळे मिटणे, जीभ जड होणे, चालताना तोल जाणे, सांगितलेले पाच मिनिटांत विसरणे, जुने मित्र सोडून देणे, घरातून पैसे जाणे, उशीखाली रिकामी पाकिटे सापडणे. परंतु एकच लक्षण पाहून मुलावर आरोप करू नका. जो मुलगा वर्गात पेंगतो तो कदाचित रात्री हॉटेलात काम करून आलेला असेल, त्याच्या अंगात रक्त कमी असेल, त्याला फळा दिसत नसेल. आधी विचारावे, मग शंका घ्यावी.

आणि आता तिसरा प्रश्न. गोळी सापडली. पुढे काय?

बहुतेक ठिकाणी ठरलेली रीत आहे. मुलाला कार्यालयात उभे करावयाचे, वडिलांना बोलावून सर्वांसमक्ष अपमान करावयाचा, आणि 'इतर मुले बिघडू नयेत' म्हणून दाखला हातात द्यावयाचा. माझ्या माहितीतील एका शाळेने नववीतल्या एका मुलाला असाच दाखला दिला. वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेने त्याला घेतले नाही, कारण दाखल्यामागची गोष्ट दाखल्याच्या आधीच तेथे पोहोचली होती. सकाळी दहा ते पाच या वेळात त्या मुलाकडे पाहणारे जे पाच-सहा डोळे होते तेही गेले, आणि दिवसभर त्याच्याजवळ बसावयास तेवढे गोळीवाले उरले. शाळा स्वच्छ झाली, मुलगा मात्र बुडाला.

दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत वेगळे घडले. गोष्ट मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि वडील या तिघांतच ठेवली गेली. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. गोळी हळूहळू कमी करण्यात आली. मधल्या सुट्टीत त्याला ग्रंथालयाची पुस्तके लावण्याचे काम दिले, म्हणजे तो नजरेसमोर राहील. तो पुढे अगदी सरळ चालला, असे मी सांगणार नाही. दोनदा घसरला. एकदा तर आमच्यापैकी काहींचा धीर सुटला होता. परंतु तो दहावीला बसला आणि पासही झाला. गुण फार नव्हते. त्याचे नाव आजच्या गुणवंतांच्या यादीत नाही, कोणत्याच यादीत नव्हते. तरीही माझ्या मते तो निकाल मोठा होता.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या सोळाव्या कलमात असे आहे की, आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. आणि नववी-दहावीच्या मुलांना तर त्या कलमाचे संरक्षण मुळातच नाही. म्हणजे नेमक्या ज्या वयात हा प्रश्न उभा राहतो, त्या वयात मुलाला ठेवावयाचे की घालवावयाचे, हे कायदा ठरवीत नाही, आपण ठरवितो. आपल्या वडीलधाऱ्यांनी संस्थांना स्वतःच्या इच्छेने चालण्याचे जे स्वातंत्र्य मिळविले, ते दुर्बल मुलाला दाराबाहेर करण्यासाठी खासच नव्हे. आपल्या समाजात आधीच मुले नववी-दहावीला गळतात. गॅरेज, हॉटेल, भाजीची गाडी त्यांची वाट पाहत असतात. त्यांत आपल्या सहीचा आणखी एक दाखला कशासाठी?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. एका मुलामुळे चाळीस बिघडतील, त्यांचे काय? माझे उत्तर असे की, विकणारा आणि घेणारा यांत फरक करावा. एखादा मुलगा पैशासाठी वर्गात गोळ्या वाटत असेल, तर त्याच्यामागे उभा असलेला मोठा माणूस शोधून ते प्रकरण पोलिसांकडे द्यावे, त्यात हयगय करू नये. परंतु घेणारा मुलगा हा आजारी आहे. विषमज्वर झालेल्या मुलाला आपण शाळेतून काढून टाकीत नाही. उपचारासाठी घरी पाठवितो आणि बरा झाला की परत घेतो. कायद्यालाही हे मान्य आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातील ६४-अ कलम, जो व्यसनी स्वतःहून उपचार घेतो त्याला सेवनाच्या खटल्यातून सूट देते. जे कायदा प्रौढांना देतो, ते आपण चौदा वर्षांच्या मुलाला नाकारावे काय?

व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, या भूमिकेवर पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या वेळी गर्दने शहरातली तरुण मुले पोखरली होती. त्या केंद्रातून असंख्य माणसे पुन्हा उभी राहिली आहेत. आपल्या जिल्ह्यातही मदत दूर नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. घराबाहेर पडण्याची लाज वाटत असेल तर फोन करता येतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी २०२२ मध्ये सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६, आणि मुलांसाठी १०९८. हे तिन्ही क्रमांक आपल्या प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर कायमचे लिहून ठेवावेत, अशी माझी संस्थेला विनंती आहे.

दुसरी विनंती ठरावाच्या स्वरूपाची आहे. ज्या मुलाजवळ स्वतःसाठी घेतलेली गोळी सापडेल, त्याला डॉक्टरांना दाखविल्याशिवाय आणि एक पूर्ण शैक्षणिक वर्ष सांभाळून पाहिल्याशिवाय, संस्थेच्या कोणत्याही शाळेने दाखला देऊ नये. व्यवस्थापक मंडळाने आपल्या येत्या बैठकीत याचा विचार करावा. शिक्षकांनीही आपल्या बाजूने एक नियम पाळावा. डोके दुखते म्हणणाऱ्या मुलाला शिक्षकखोलीतल्या खणातून गोळी काढून देण्याची पद्धत बंद करावी. पाणी द्यावे, थोडे बसवावे, घरी कळवावे. मूल गोळी घेण्याची रीत आपल्याकडूनही शिकते.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. तुमच्यापैकी कोणाजवळ आज अशी गोळी असेल, तर भिऊन ती लपवू नका, आणि शूरपणा दाखवून एकदम सोडूही नका. ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास असेल त्यांच्याकडे या. कदाचित आम्ही रागावू, कदाचित दोन शब्द बोलू, परंतु तुमच्याबरोबर दवाखान्यात येऊ. मित्राजवळ असेल तर आम्हांला येऊन सांगा. त्याला चुगली म्हणत नाहीत. मित्र विहिरीत पडला असता ओरडणाऱ्याला कोणी चुगलखोर म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

पालकहो, मूल ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण नेहमी म्हणतो. अमानत डागाळली म्हणून कोणी ती रस्त्यावर टाकून देत नाही. आज घरी गेल्यावर पहिले काम म्हणून फडताळातील औषधांची डबी उघडून पाहावी, गोळ्या मोजाव्यात, आणि तिला कुलूप लावावे. मग मुलाला जवळ बोलावून, रात्री झोप कशी लागते, एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.